दिसलं नाही, म्हणजे नाही?

कॅज्युअल्टीत पेशंटच्या पोटावर जेल लावून प्रोब टेकवला की मागे उभ्या असलेल्या नातेवाइकांकडून एक प्रश्न हमखास येतो. "काही नाई दिसलं न जी, मॅडम?" त्यात विचारण्यापेक्षा विनवणी जास्त असते. त्यांना माझ्या तोंडून 'नाही' ऐकायचं असतं. बहुतेक वेळा मीही तेच म्हणते, "नाही दिसलं." पण त्यांना ऐकू येतं ते वेगळंच. मी म्हणते दिसलं नाही, ते ऐकतात की काही नाही. या दोहोंमधल्या फटीत माणसं दगावतात. म्हणून या प्रश्नाचा नीट विचार करावा असं मला फार दिवसांपासून वाटत होतं.

मी भंडारा जिल्ह्यातल्या एका सरकारी रुग्णालयात तातडीच्या विभागात काम करते. राष्ट्रीय महामार्ग ५३ आमच्या जिल्ह्यातून भंडारा, लाखनी, साकोली असा जातो आणि रात्रीचे अपघात बहुतेक त्याच रस्त्यावरचे असतात. बाकीचे पेशंट धानाच्या बांध्यांतून येतात. कुणाचा ट्रॅक्टर उलटलेला, कुणी पुंजण्यावरून, म्हणजे धानाच्या गंजीवरून, पडलेला, कुणाला रोवणीच्या चिखलात सापानं धरलेलं. सीटी स्कॅनसाठी पेशंटला हलवावं लागतं, वेळ जातो, आणि रक्तदाब कोसळलेल्या माणसाला हलवणं हाच धोका असतो. अशा वेळी खाटेशेजारी ढकलत आणलेलं सोनोग्राफी मशीन कामाला येतं. २०१४ च्या नियमांप्रमाणे सहा महिन्यांचं प्रशिक्षण घेऊन मी ते वापरायला शिकले.

अपघाताच्या पेशंटमध्ये आम्ही जी तपासणी करतो तिला 'फास्ट' म्हणतात. चार जागा बघायच्या. उजव्या बरगड्यांखाली यकृत आणि मूत्रपिंड यांच्यामधली खाच, डावीकडे पाणथरीच्या भोवती, ओटीपोटात मूत्राशयाच्या मागे, आणि हृदयाभोवतीचं आवरण. आडव्या पडलेल्या माणसाला आतून रक्तस्राव होत असेल तर ते रक्त या खोलगट जागांत साचतं आणि पडद्यावर काळं दिसतं. तीन-चार मिनिटांचं काम. काळी पट्टी दिसली, रक्तदाब पडलेला असला, तर पुढचा विचार करायला वेळ घालवायचा नाही, थेट शस्त्रक्रियेची सोय बघायची. दिसण्याचा भाग सोपा आहे. अवघड आहे तो न दिसण्याचा.

यातली गोम मला आयुर्वेदाच्या एका डॉक्टरांनी उलगडून दाखवली. १०८ च्या रुग्णवाहिकेवर आमच्याकडे येणारे बरेच डॉक्टर बीएएमएस असतात. त्यांतले एक, पेशंट सोपवून झाल्यावर, कागद भरता भरता माझं मशीन बघत थांबले होते. मी इंटर्नना सांगत होते की पट्टी दिसली नाही तर आधी स्वतःला विचारा, का दिसली नसेल? बरगडीची सावली आली असेल, आतड्यातला वायू आड आला असेल, रक्त अजून फार थोडं असेल. माझं ऐकून ते म्हणाले, "मॅडम, हे आमच्याकडे पहिल्या वर्षाला पाठ करून घेतात. पदार्थविज्ञानाच्या पेपरला हमखास येतं." आणि बोटांवर मोजत त्यांनी आठ कारणं सांगितली. असलेली वस्तूसुद्धा डोळ्यांना का दिसत नाही, त्याची आठ कारणं. फार जवळ असणं, फार दूर असणं, मध्ये आडोसा असणं, इंद्रिय दुबळं असणं, मन ठिकाणावर नसणं, सारख्याच वस्तूत मिसळून जाणं, जास्त तेजस्वी वस्तूनं झाकोळणं, आणि वस्तूच फार सूक्ष्म असणं.

ही यादी चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, अकराव्या अध्यायात आहे. ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेतही थोड्या फरकानं हीच यादी येते. मी दुसऱ्या दिवशी चरक काढून बघितला, आणि खरं सांगते, थक्क झाले. कारण मशीन हातात धरलेल्या कुणालाही हे आठही जण रोज भेटतात.

दूर असणं म्हणजे काय ते स्थूल माणसाच्या पोटावर प्रोब ठेवल्यावर कळतं. वाकडा प्रोब साधारण ३.५ मेगाहर्ट्‌झचा, त्याचा ध्वनी खोल जातो पण चित्र भरड येतं. सरळ प्रोब जास्त वारंवारतेचा, चित्र बारीक आणि स्वच्छ, पण चार-पाच सेंटिमीटरच्या पुढे त्याची धाव नाही. खोल आणि बारीक दोन्ही एकाच वेळी मिळत नाही, हा ध्वनीचाच स्वभाव. फार जवळचंही दिसत नाही, प्रोबच्या तोंडालगतचा थर धूसरच राहतो. इंद्रिय दुबळं होणं आमच्याकडे अगदी शब्दशः घडतं. प्रोबची वायर ट्रॉलीच्या चाकाखाली आली, आतले काही स्फटिक मेले, की पडद्यावर वरून खाली एक काळी उभी रेघ कायमची उमटते. त्या रेघेखाली काय आहे ते त्या मशीनला कधीच दिसणार नाही. मन ठिकाणावर नसण्याबद्दल पहाटे तीन वाजता ड्युटी केलेल्या कुणालाही वेगळं सांगायला नको.

झाकोळण्याचं उदाहरण मला सर्वांत आवडतं. मूत्राशय भरलेलं असलं की त्याच्यातून जाणारा ध्वनी अडत नाही, म्हणून त्याच्या मागचा भाग पडद्यावर भलताच उजळ दिसतो. नेमकं तिथेच, मूत्राशयामागे, थोडं रक्त साचलेलं असू शकतं आणि त्या उजेडात ते हरवतं. उपाय काय, तर प्रकाश वाढवायचा नाही, कमी करायचा. गेन, म्हणजे चित्राचा उजळपणा, खाली आणला की काळं काळं दिसू लागतं.

आणि सारख्यात मिसळणं. सांख्यकारिकेवरच्या टीकेत वाचस्पती मिश्रांनी याला तळ्यात पडलेल्या पावसाच्या थेंबाचं उदाहरण दिलं आहे. आमच्या तळ्यांच्या जिल्ह्यात हे उदाहरण कुणालाही पटेल. ताजं रक्त काळं दिसतं, पण ते गोठायला लागलं की करडं होतं, यकृतासारखं, पाणथरीसारखं. यकृताच्या कडेला गोठलेल्या रक्ताचा गोळा बसलेला असतो आणि नवख्या डोळ्याला तो यकृतच वाटतो. याची उलट बाजूही आहे. यकृत खराब झालेल्या माणसाच्या पोटात आधीपासूनच पाणी असतं, तेही काळंच दिसतं. तो मोटरसायकलवरून पडून आला तर ती पट्टी रक्ताची की जुन्या पाण्याची, हे पडदा सांगत नाही. म्हणजे दिसूनही कळत नाही.

एक केस सांगते, ओळख पटेल असे तपशील सोडून. दिवाळीनंतरचे दिवस होते, कापणी होऊन बांध्यांत पुंजणे लागलेले. धानाची ट्रॉली नाल्यात उलटली आणि विशीतला एक मुलगा डाव्या कुशीवर पडला. स्वतःच्या पायानं चालत आला. नाडी ९६, रक्तदाब ठीक, पोट मऊ. चारही जागा बघितल्या, कुठेही काळं नाही. वडील दाराशी उभे होते. "काही नाई निघालं न जी? मंग नेतो घरी. उद्या चुरना हाय." चुरना म्हणजे मळणी.

मी म्हटलं, "आत्ता दिसलं नाही, काका. तासाभरानं पुन्हा बघते. तोवर याला हलवायचं नाही."

"एकदा पायलं न जी?"

त्यांचं म्हणणं त्यांच्या परीनं बरोबर होतं. एकदा घर शोधून झालं आणि विळा सापडला नाही तर विळा घरात नाही. तासाभरानं मुलाची नाडी ११८ झाली होती आणि तो म्हणत होता की डावा खांदा दुखतोय. खांद्याला तर काहीच लागलं नव्हतं. पोटातलं रक्त डायफ्रामला जाऊन टेकलं की दुखणं खांद्यात उमटतं, दोन्हीकडची मज्जातंतूंची वाट एकच असल्यामुळे. पुन्हा प्रोब लावला. पाणथरी आणि डायफ्राम यांच्यामध्ये बोटाच्या पेराएवढी काळी पट्टी, आणि उजवीकडच्या खाचेतही एक बारीक रेघ. दोन्ही हातांत जाड सुया, रक्तगटासाठी नमुना, १०८ ला फोन, नागपूरला कळवणं. साठेक किलोमीटर. मुलगा वाचला.

नंतर वडील मला भेटायला आले तेव्हा त्यांनी जे विचारलं ते मी अजून मनात धरून आहे. "पयल्यांदा नवतं, मंग आलं कोठून?" मी सांगितलं की पाणथरी पहिल्यापासूनच फाटलेली होती, रक्त झिरपत होतं, पण साचलेलं एवढं नव्हतं की मशीनला दिसावं. साधारणपणे २०० मिलिलिटरच्या खाली या तपासणीचा भरवसा धरता येत नाही. त्यांनी मान हलवली. आधी नसलेलं नव्यानं येतं, की आधीच असलेलं नंतर प्रकट होतं, यावर न्याय आणि सांख्य या दर्शनांचा शतकानुशतकं वाद चालला. शेतकरी माणसानं तोच प्रश्न अपघात विभागाच्या दारात उभं राहून विचारला, आणि त्याच्या मुलाच्या बाबतीत तरी सांख्यांचं उत्तर बरोबर होतं.

'नसणं' कळतं कशानं, हा आपल्या दर्शनांमधला मोठा वाद आहे. नैयायिक म्हणतात, जमिनीवर घडा नाही हे डोळ्यांनाच दिसतं. कुमारिल भट्टांचा मीमांसक पक्ष म्हणतो, नसणं डोळ्यांना कसं दिसेल? ते न सापडण्यावरून कळतं, आणि हे न सापडणं म्हणजे ज्ञानाचं स्वतंत्र साधन आहे. त्याला त्यांनी अनुपलब्धी असं नाव दिलं. अद्वैत वेदान्तानंही ते मान्य केलं. पण या पक्षानं सोबत एक अट घातली, आणि मला वाटतं सगळं शहाणपण त्या अटीत आहे. वस्तू इथे असती तर मला दिसलीच असती, अशी परिस्थिती असेल तरच न दिसण्यावरून 'नाही' म्हणता येतं. उजेड असलेल्या खोलीत घडा दिसला नाही तर घडा नाही. अंधाऱ्या खोलीत दिसला नाही, तर काहीच सिद्ध होत नाही.

मी इंटर्नना आता हेच शिकवते. तुमची खोली किती उजेडाची होती ते आधी सांगा. पाणथरीचा वरचा टोकाचा भाग दिसला का? मूत्राशय भरलेलं होतं का? अपघाताला किती वेळ झाला? पाठीमागच्या बाजूला, मूत्रपिंडाच्या मागे झालेला रक्तस्राव या तपासणीला जवळपास दिसतच नाही, तिथली खोली कायमच अंधारी. म्हणून आमच्या कागदावर आम्ही 'पोटात रक्त नाही' असं लिहीत नाही. अमुक वाजता, या चार जागी, रक्त दिसलं नाही, पाणथरीचं वरचं टोक नीट बघता आलं नाही, असं लिहितो. वेळ लिहिल्याशिवाय तो कागद खोटा आहे.

कधी कधी मात्र न दिसणं पूर्ण खरं असतं. आमच्या भागात सिकलसेल पुष्कळ. त्यातल्या काही रुग्णांची पाणथरी लहानपणापासून पुन्हा पुन्हा मार खात आक्रसत जाते आणि मोठेपणी डाव्या बरगड्यांखाली कितीही शोधलं तरी सापडत नाही. मशीन चांगलं आहे, पेशंट बारीक आहे, आड काही नाही, मूत्रपिंड स्वच्छ दिसतंय, आणि पाणथरीची जागा रिकामी. तिथे मी ठामपणे लिहिते. हे न्यायवैशेषिकांच्या भाषेत नष्ट होऊन आलेलं नसणं. एका आजारानं अख्खा अवयव खाऊन टाकला, याचा पुरावा म्हणजे ती रिकामी जागा.

ही अट दोन्हीकडून कापते, आणि ती तशीच कापली पाहिजे असं माझं मत आहे. पेशंटला आमच्याआधी मांत्रिकाकडे नेऊन आणलेलं असतं हे आमच्याकडे नवीन नाही. "डॉक्टरच्या मशीनीत दिसत नाही, बाहेरचं आहे," असं त्यानं सांगितलेलं असतं. हा माणूसही न दिसण्याचाच धंदा करतो. दिसत नाही म्हणून नाही, हे जितकं चूक, तितकंच दिसत नाही म्हणून आहे, हेही चूक. चरकाची आठ कारणं एवढंच सांगतात की दार बंद नाही. दाराच्या आत कोण बसलं आहे ते त्यांनी सांगितलेलं नाही. ज्याला 'आहे' म्हणायचं त्यानं ते कुठल्या उजेडात, कशावरून कळेल तेही सांगावं. सापाचं विष रक्तात आहे की नाही हे साध्या काचेच्या नळीत रक्त घेऊन वीस मिनिटं ठेवलं तरी पुष्कळदा कळतं. घोणसाच्या विषानं रक्त गोठत नाही. मंत्रानं विष उतरलं म्हणणाऱ्यानं ती नळी बघावी.

चार्वाकांना उदयनाचार्यांनी न्यायकुसुमांजलीत दिलेलं उत्तर मला या जागी आठवतं. डोळ्यांना दिसतं तेवढंच खरं, असं म्हणणारा घराबाहेर पडला की त्याला बायकामुलं दिसत नाहीत. मग ती मेली असं समजून त्यानं रडत बसायला हवं. हा युक्तिवाद मी एका बापाच्या तोंडावर बघितला आहे. वॉर्डाबाहेर काढल्यावर मुलगा दिसेनासा झाला तेव्हा तो रडत होता, कारण दिसत नाही याचा अर्थ त्याच्या काळजानं तोच लावला होता.

छातीवर प्रोब ठेवला की हा विषय आणखी विलक्षण होतो. हवेतून हा ध्वनी जात नाही, म्हणून निरोगी फुप्फुस सोनोग्राफीला दिसतच नाही. बरीच वर्षं पुस्तकांत फुप्फुस सोनोग्राफीच्या कक्षेबाहेर मानलं जायचं. फ्रान्समधल्या डॅनियल लिश्टेनस्टाइन यांनी पडद्यावर उमटणाऱ्या खोट्या रेघांकडेच लक्ष दिलं आणि २००८ मध्ये श्वास अडकलेल्या पेशंटसाठी तपासणीची एक पद्धत मांडली. हवा भरलेल्या फुप्फुसावरून ध्वनी परत परत आदळून आडव्या रेघा उमटतात, त्या कुठल्याही खऱ्या वस्तूच्या नाहीत. फुप्फुसात पाणी झालं की उभ्या, खालपर्यंत जाणाऱ्या झगझगीत रेघा येतात, त्याही खऱ्या वस्तूच्या नाहीत. पण या दोन खोट्यांतला फरक खरा आहे. रात्री दम लागलेला म्हातारा येतो, छातीत घरघर आहे, दमा की हृदयामुळे साचलेलं पाणी? आडव्या रेघा दिसल्या तर नेब्युलायझर, दोन्ही बाजूंना उभ्या रेघा दिसल्या तर पाणी उतरवायचं इंजेक्शन. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रांच्या भाष्यात असत्यापासूनही सत्य कळू शकतं असा मुद्दा मांडला आहे, स्वप्नांची उदाहरणं देऊन. वाचताना तो फार दूरचा वाटला होता. कॅज्युअल्टीत तो रोज कामाला येतो.

आमच्या मशीनच्या वर भिंतीवर एक बोर्ड आहे. गर्भलिंग सांगणं हा कायद्यानं गुन्हा आहे, असं त्यावर लिहिलं आहे. शब्दांनी, खुणेनं किंवा आणखी कुठल्याही रीतीनं ते कुणाला कळू द्यायचं नाही असं कायदा म्हणतो. महाराष्ट्रानं असा कायदा देशात सर्वांत आधी, १९८८ मध्ये केला. केंद्राचा १९९४ चा, २००३ मध्ये तो आणखी कडक झाला. याच कायद्यामुळे मशीन नोंदणी नसलेल्या जागी नेता येत नाही, गर्भवतीच्या तपासणीचा एफ फॉर्म भरावा लागतो, आणि महामार्गावर पडलेल्या माणसाच्या पोटावर आमच्या १०८ च्या गाडीतच प्रोब ठेवता येत नाही. आमच्या व्यवसायातले अनेक जण या कायद्यावर चिडतात. मला ती चीड समजते, पण पटत नाही.

कारण गर्भलिंग कळल्यामुळे जन्मू न दिलेल्या मुलींचं नसणंही आपल्याला अनुपलब्धीनंच कळलेलं आहे. जन्माला न आलेल्या मुलीला कुणी बघितलं? निसर्गतः दर हजार मुलग्यांमागे साडेनऊशेच्या आसपास मुली जन्मतात, म्हणून तेवढ्या असत्या तर दिसल्याच असत्या. २०११ च्या जनगणनेत शून्य ते सहा वयोगटात महाराष्ट्रात त्या ८९४ दिसल्या, बीड जिल्ह्यात ८०७. भंडाऱ्यात ९५०. मीमांसकांची अट इथे पूर्ण होते, म्हणून 'नाहीत' असं ठामपणे म्हणता येतं, आणि त्या कशानं नाहीत हेही म्हणता येतं. ज्या प्रोबनं मी त्या ट्रॉलीवाल्या मुलाचं रक्त शोधलं, त्याच प्रोबनं त्या शोधल्या गेल्या होत्या. आमच्या जिल्ह्यानं आकडा राखला याचा मला अभिमान आहे. पण समाजानं आमच्यावर अविश्वास दाखवला तो आमच्यातल्याच लोकांच्या करणीमुळे, हे मान्य केल्याशिवाय रुग्णवाहिकेत मशीन मागायचा आम्हाला अधिकार नाही. मागावं जरूर, प्रत्येक तपासणीची नोंद आपोआप साठवणाऱ्या मशीनची हमी देऊन मागावं.

आता सगळ्यांत कठीण गोष्ट. हृदय थांबलेला माणूस येतो. छातीवर दाब देणं चालू असतं, आणि मध्ये नाडी बघायला जो क्षणभर थांबा घेतो त्यात बेंबीच्या वर, बरगड्यांच्या खाली प्रोब लावून हृदय बघतो. हा थांबा दहा सेकंदांच्या वर जाता कामा नये, कारण तेवढा वेळ मेंदूला रक्त नसतं. बघण्याच्या नादात तो लांबतो हे अभ्यासांत दिसून आलं आहे. म्हणून चित्रफीत टिपून ठेवायची, दाब पुन्हा सुरू करायचा, आणि मग फीत बघायची. बघणं फुकट नसतं, त्याची किंमत पेशंट मोजतो.

पडद्यावर हृदय स्तब्ध दिसतं. अशा एका वेळी कोपऱ्यात उभ्या असलेल्या बाईंनी मला विचारलं, "जीव हाय का जी?" अमेरिका आणि कॅनडातल्या २० रुग्णालयांचा २०१६ चा एक अभ्यास आहे, ७९३ रुग्णांचा. हृदय स्तब्ध दिसलेल्यांपैकी घरी जाऊ शकले ते हजारी सहाच्या आसपास. म्हणजे स्तब्ध हृदय दिसणं हासुद्धा शंभर टक्के निकाल नाही. आठ कारणांपैकी एखादं तिथेही असू शकतं. पण या सहांच्या आड लपून त्या बाईंना ताटकळत ठेवणं मला अधर्म वाटतो. चरकानं ज्ञानाची चार साधनं सांगितली. आप्तांचा उपदेश, प्रत्यक्ष, अनुमान, आणि चौथं युक्ती. अनेक कारणं एकत्र बघून निर्णयाला येणारी बुद्धी, ती युक्ती. हृदय स्तब्ध, ईसीजीची रेघ सपाट, किती वेळ गेला, बुबुळं, आधीचा आजार, दिलेल्या औषधांना प्रतिसाद नाही. हे सगळं जुळवून मी थांबायचं ठरवते आणि ते स्वतःच्या तोंडानं सांगते. "बाई, आम्ही सगळं केलं. ते गेले." मशीनकडे बोट दाखवून सांगत नाही.

जीव कुठे गेला, हे मी सांगितलं नाही. चरकानं ती आठ कारणं मुळात मांडली ती परलोकाच्या चर्चेत. डोळ्यांना दिसत नाही म्हणून पुनर्जन्म नाही असं म्हणू नका, प्रत्यक्ष थोडं आहे आणि अप्रत्यक्ष फार, असं तो वैद्याला सांगतो. ज्या इंद्रियांनी आपण बघतो ती इंद्रियंच आपल्याला दिसत नाहीत, हा त्याचा पुढचा मुद्दा तर बिनतोड आहे. मी देव मानते. घरी सकाळी दिवा लावते. पण चरकाच्या यादीवरून मी आत्म्याच्या अस्तित्वापर्यंत उडी मारत नाही. पोटातल्या रक्ताबद्दल जी अट मी स्वतःला घालून घेतली आहे तीच अट देवाबद्दल बोलताना सोडली, तर माझ्या दोन्ही बोलण्यांना अर्थ राहणार नाही. माझी खोली इथपर्यंत उजेडाची आहे, त्यापुढे मला दिसलेलं नाही, एवढं मी त्या बाईंना म्हणू शकते. त्या म्हणाल्या, "तुमाले नाई दिसत, त्याले दिसते." मी त्यांचा हात धरला. ते वाक्य खोडायला माझ्याकडे काही नव्हतं, आणि खोडायची इच्छाही नव्हती.

वाचणाऱ्यांना एक विनंती. तुमचं माणूस पडून, आपटून, गाडीला धडकून आमच्याकडे आलं आणि सोनोग्राफीत काही दिसलं नाही असं सांगितलं, तर "काही नाही ना?" असं विचारू नका. "पुन्हा कधी बघणार?" असं विचारा. डॉक्टर थांबा म्हणाले तर रात्र काढा, धान एक दिवस थांबेल. घरी गेल्यावर चक्कर आली, पोट फुगलं, घाम फुटला किंवा न लागलेला डावा खांदा दुखू लागला, तर सकाळची वाट बघू नका. १०८ ला फोन करा. ती गाडी फुकट आहे आणि रात्रीही येते.